न पाहतां ओळखलेली गति

निफाड, दिंडोरी, चांदवड या तालुक्यांतून जो कोणी आज फिरेल त्याला एक दृश्य जागोजाग दिसेल. द्राक्षांच्या मांडवाच्या कडेला किंवा कांद्याच्या वावराच्या बांधावर लोखंडी खांबांवर निळसर काळ्या कांचेचे तक्ते सूर्याकडे तोंड करून उभे असतात. त्यांच्या खालीं एक लहानशी पेटी असते आणि त्या पेटींतून निघालेली तीन तारांची केबल जमिनींतील सहाएक इंच रुंदीच्या भोंकांत शिरून दिसेनाशी होते. तें भोंक म्हणजे विंधन विहीर, शेतकऱ्याच्या बोलींत बोअर. केबलच्या दुसऱ्या टोंकाला, दोनशें-तीनशें फूट खोल, पाण्यांत बुडालेली एक सडपातळ मोटर असते आणि तिच्या डोक्यावर पंप बसविलेला असतो.

ही मोटर एकदां खालीं सोडली कीं ती वर्षानुवर्षें कोणाच्या दृष्टीस पडत नाहीं. तरीही वरच्या पेटीला ती मोटर या क्षणीं किती वेगानें फिरते आहे, याचा अंदाज सतत असावा लागतो. तिच्या आंसावर गति मोजणारें यंत्र नाहीं आणि बातमी घेऊन वर येणारी चौथी तारही नाहीं. मग पेटीला हें कळतें कसें, आणि तें कळणें कोठवर विश्वासार्ह असतें, हाच आजच्या विवेचनाचा विषय आहे.

प्रश्न विद्येचा असला तरी केवळ विद्येचा नाहीं. शेतीच्या विजेचे तास ठरलेले असतात आणि पाळी रात्रीची आली म्हणजे कडाक्याच्या थंडींत, हातांत बॅटरी घेऊन दारें धरावयास जावें लागतें. गोदाकांठच्या उंसांतून बिबट्याचा वावर आहे हेंही नाशिककरांना सांगावयास नको. पाणी दिवसाउजेडीं मिळावें म्हणून केंद्र सरकारनें २०१९ सालीं 'पीएम-कुसुम' ही योजना काढली आणि महाराष्ट्र सरकारनें २०२४ सालीं 'मागेल त्याला सौर कृषी पंप' ही योजना सुरू केली. या दुसऱ्या योजनेंत जमिनीच्या मानानें ३, ५ किंवा ७.५ अश्वशक्तीचा पंप मिळतो. किंमतीपैकीं शेतकऱ्यानें शेंकडा १० आणि अनुसूचित जाति-जमातींतील शेतकऱ्यानें शेंकडा ५ एवढा वांटा भरावयाचा असतो. म्हणजे ज्याच्या हातीं ही पेटी येते त्याचा त्या वर्षीचा हंगाम तिच्या शहाणपणावर अवलंबून राहतो. ती चुकली आणि खालची मोटर जळाली, तर शेंकडों फूट नळ वर ओढून काढावा लागतो. आणि द्राक्षाचा मणी फुगण्याच्या दिवसांत वेलीला आठवडाभर पाण्यावांचून ठेवणें म्हणजे वर्षाचें उत्पन्न पणाला लावणें होय.

आतां, मोटरीचा वेग कळणें इतकें आवश्यक कां, हें आधीं पाहिलें पाहिजे. तारेवरून येणारी वीज दर सेकंदास ५० आवर्तनें घेते व ती सकाळीं, दुपारीं, संध्याकाळीं तीच असते. सूर्याचें तसें नाहीं. सकाळचें ऊन कोवळें, दुपारचें प्रखर, आणि मध्येंच एखादा ढग आला तर घटकेंत निम्मी शक्ति नाहींशी. म्हणून पेटी उन्हाच्या मानानें आवर्तनें कमीजास्त करते आणि मोटरीला त्या मानानें हळू किंवा जलद फिरविते. परंतु पंपाचा नियम कडक आहे. वेग निम्मा केला तर पाणी निम्मे येतें, पाणी चढण्याची उंची चौथाईवर येते आणि लागणारी शक्ति आठव्या हिश्शावर येते. समजा, एखादा पंप पूर्ण वेगानें पाणी ६० मीटर उंच ढकलूं शकतो आणि बोअरमधील पाण्याची पातळी जमिनीपासून ४० मीटर खोल आहे. वेग शेंकडा ८० वर उतरला कीं ही उंची शेंकडा ६४ वर, म्हणजे सुमारें ३८ मीटरांवर येते. मोटर फिरत असते, वीज खर्च होत असते, पण वर थेंबही येत नाहीं. वेग शेंकडा ८२ च्या जवळ आला कीं पाणी नळाच्या तोंडाशीं टेकतें आणि ८५ वर तें वाहूं लागतें. थोडक्या फरकानें सर्वस्व मिळतें किंवा जातें.

दुसरेंही एक कारण आहे. पाणबुडी मोटर थंड राहते ती तिच्या अंगावरून वाहत जाणाऱ्या पाण्यामुळें. पाणी वर चढत नसतांना ती तासन् तास फिरत राहिली तर भोंवतालचें पाणी जागच्या जागीं तापतें आणि वेटोळ्यांवरील आवरण हळूहळू करपतें. शिवाय पंपाचा सारा भार ज्या आधारावर टेकलेला असतो तो आधार पाण्याच्या पातळ थरावर तरंगतो, आणि तो थर टिकावयास कांहीं किमान वेग लागतो. अगदीं संथ फिरविणें हें अशा मोटरीला विश्रांति नसून झीज आहे. वेग कळला नाहीं तर सुखरूप कोण आणि संकटांत कोण, हेंच पेटीला उमगणार नाहीं.

कारखान्यांत वेग मोजण्याची सरळ रीत अशी कीं मोटरीच्या आंसाच्या टोंकाला एक पातळ तबकडी बसवावी. तिच्या कडेला बारीक चिरा असतात. पुष्कळदां अशा १०२४ चिरा पाडलेल्या असतात. एका बाजूस दिवा, दुसऱ्या बाजूस प्रकाश ओळखणारा डोळा. तबकडी फिरली कीं प्रकाश लुकलुकतो व ते लुकलुकणें मोजलें कीं वेग समजतो, आणि आंस कोणत्या कोनावर आहे हेंही समजतें. याला एन्कोडर म्हणतात. नाशिकच्या सातपूर आणि अंबड वसाहतींतील संगणकचालित यंत्रें धातूवर केंसाएवढ्या अचूकतेनें काम करतात तीं या डोळ्याच्या भरंवशावर. पण हा डोळा नाजूक असतो. तेल, धूळ, उष्णता, हादरे यांचा त्याला त्रास होतो. त्याची तार तुटते. त्याची जागा मोटरीची लांबी वाढविते. आणि लहान मोटरीच्या बाबतींत त्याची किंमत मोटरीच्या किंमतीच्या शेजारीं जाऊन बसते. दोनशें फूट पाण्याखालीं तर त्याचें नांवच काढावयास नको. तेव्हां डोळा काढून टाकून कामच भागवितां येईल काय, असा विचार अभियंत्यांच्या मनांत आला यांत नवल नाहीं.

याचें उत्तर समजण्यासाठीं प्रत्यावर्ती विजेच्या मोटरीची मूळ कल्पना लक्षांत घेतली पाहिजे. सन १८८८ मध्यें इटलींत गॅलिलिओ फेरारिस आणि अमेरिकेंत निकोला टेस्ला यांनीं, एकमेकांवर अवलंबून न राहतां, फिरत्या चुंबकीय क्षेत्राची कल्पना जगापुढें मांडली. स्थिर वेटोळ्यांतून एकामागून एक चढउतार करणारे प्रवाह सोडले तर कोणतीही वस्तु न हलतां त्यांच्या मधोमध चुंबकीय क्षेत्र मात्र गरगर फिरूं लागतें. पुढल्याच वर्षीं दोलिवो-दोब्रोवोल्स्की यानें या क्षेत्रांत ठेवावयाचा, धातूच्या कांड्यांच्या पिंजऱ्यासारखा रोटर तयार केला. या पिंजऱ्याला बाहेरून वीज द्यावी लागत नाहीं. फिरतें क्षेत्र त्याच्या कांड्या ओलांडून जातें, त्यामुळें त्यांत आपोआप प्रवाह उत्पन्न होतो आणि त्या प्रवाहाच्या जोरावर रोटर क्षेत्रामागें धांवूं लागतो. आजही विहिरीवर, गिरणींत, कारखान्यांत राबणाऱ्या बहुतेक मोटरी याच जातीच्या आहेत.

रोटर क्षेत्रामागें धांवतो, पण त्याला कधींच गांठत नाहीं. शिडांत वारा भरून चालणाऱ्या नौकेसारखी त्याची स्थिति आहे. वाऱ्याचा आणि नौकेचा वेग एक झाला तर शीड रिकामें पडेल. ५० आवर्तनांवर दोन ध्रुवांच्या पाणबुडी मोटरीचें क्षेत्र मिनिटास ३००० फेरे घेतें; रोटर भाराखालीं २८५० च्या आसपास फिरतो. हें जें दीडशें फेऱ्यांचें अंतर, त्याला कारखान्यांत 'स्लिप' म्हणतात. भार वाढला कीं अंतर वाढतें, भार उतरला कीं तें घटतें. येथेंच सर्व रहस्यांची किल्ली आहे. क्षेत्राचा वेग पेटीला ठाऊकच असतो, कारण आवर्तनें तिनेंच दिलेलीं असतात. राहिलें तें मागें पडण्याचें अंतर. आणि तें भारावर अवलंबून असल्यामुळें तारांतील प्रवाहांत त्याची सावली पडलेली असते. ती सावली वाचतां आली कीं रोटरचा वेग मिळाला.

ही सावली वाचण्याचा अगदीं साधा प्रकार असा कीं, मोटरीच्या पाटीवर पूर्ण भाराचा प्रवाह व वेग लिहिलेला असतो, त्यावरून हिशेब मांडावा: प्रवाह इतका, म्हणून स्लिप इतकी, म्हणून वेग इतका. पाण्याच्या पंपाला एवढ्या अंदाजावर पुष्कळदां भागतें, आणि बाजारांतील कित्येक पेट्या याहून अधिक कांहीं करीतही नाहींत. पंप हा मोठा क्षमाशील प्राणी आहे. दहावीस फेऱ्यांची चूक तो पोटांत घालतो. परंतु जेथें भार क्षणांत बदलतो, जेथें जोर मोजूनमापून द्यावयाचा असतो, तेथें एवढ्यानें निभावत नाहीं.

त्या दिशेनें मोठें पाऊल टाकलें तें जर्मनींत. १९६९ च्या सुमारास डार्मस्टाट येथें हासे यानें आणि १९७१-७२ च्या सुमारास सीमेन्स कंपनींतील फेलिक्स ब्लाश्के यानें प्रत्यावर्ती मोटरीचा प्रवाह मनानें दोन भागांत विभागण्याची रीत मांडली. प्रवाहाचा एक भाग चुंबकीय क्षेत्र उभें करतो, दुसरा भाग आंसाला पीळ देतो. दोघांचे लगाम वेगवेगळे हातीं आले कीं ही मोटर, एकदिश विजेच्या जुन्या मोटरीप्रमाणें, हवी तशी आज्ञेंत राहते. अडचण एवढीच कीं त्यासाठीं क्षेत्र या घडीला कोणत्या दिशेस आहे हें कळावें लागतें. पुढें १९८६ मध्यें जपानांत ताकाहाशी व नोगुची यांनीं, आणि त्याच दशकांत जर्मनींत डेपेनब्रोक यानें, आणखी निराळी वाट दाखविली: पिळाचा आणि क्षेत्राचा हिशेब थेट तारांवरील दाब व प्रवाह यांवरून करावा आणि क्षणोक्षणीं स्विच फिरवून तो जागेवर ठेवावा. १९९५ मध्यें एबीबी कंपनीनें या रीतीचें पहिलें व्यापारी नियंत्रक यंत्र बाजारांत आणलें, आणि सामान्य कामासाठीं आंसावरील डोळ्याची गरज नाहीं हें सिद्ध झालें.

हा हिशेब कसा चालतो तो थोडक्यांत असा. मोटरीच्या वेटोळ्यावर जो दाब दिला त्यांतील कांहीं भाग तांब्याचा रोध जिंकण्यांत खर्च होतो. तेवढा वजा केला कीं उरलेला दाब चुंबकीय क्षेत्राच्या बदलाशीं झुंजत असतो. म्हणजे तो क्षेत्राच्या बदलाचा वेग होय. क्षणाक्षणाचे बदल एकमेकांत मिळवीत गेलें कीं क्षेत्र स्वतः कळतें: तें किती बळकट आहे आणि कोणत्या दिशेला तोंड करून आहे. तें किती वेगानें फिरतें हें मग आपोआप कळतें आणि त्यांतून स्लिप वजा केली कीं रोटरचा वेग हातीं येतो. विहिरीतील मोटरीच्या बाबतींत रोध मोजतांना लांबच लांब केबलचा रोधही धरावा लागतो, नाहींतर पेटी केबलला मोटर समजून फसते.

याहून सुंदर युक्ति म्हणजे दोन कारकुनांची. समजा, एका पेढीवर एकच शिल्लक दोन कारकून वेगवेगळ्या वह्यांवरून काढीत आहेत. पहिला केवळ दाबावरून क्षेत्र काढतो. त्याला रोटरचा वेग ठाऊक असण्याची गरज नाहीं. दुसरा प्रवाहावरून काढतो. पण त्याच्या गणितांत रोटरचा वेग हा आंकडा लागतो, आणि तो त्याला अंदाजानेंच घालावा लागतो. दोघांच्या शिलकेंत फरक आला तर दोष अंदाजाचा. तेव्हां अंदाज थोडा वाढवावा किंवा घटवावा, आणि दोघांची शिल्लक जुळेपर्यंत हें चालूं द्यावें. जुळली म्हणजे दुसऱ्या कारकुनानें घातलेला आंकडा हाच मोटरीचा खरा वेग. कॉलिन शाउडर यानें १९९२ मध्यें प्रसिद्ध केलेल्या लेखामुळें ही रीत विशेष मान्यता पावली. सूक्ष्म संगणक ही वजाबाकी सेकंदास हजारों वेळां करतो, म्हणून ती मनुष्याच्या नजरेस येत नाहीं इतकेंच.

आणखी एक साक्षीदार मोटरीच्या पोटांतच असतो. रोटरच्या पृष्ठभागावर कांड्यांसाठीं खांचा असतात. रोटर फिरतांना प्रत्येक खांच पुढून जाते तेव्हां चुंबकीय क्षेत्रावर बारीकशी सुरकुती उमटते आणि ती तारांतील प्रवाहांतही येते. चार ध्रुवांच्या एखाद्या मोटरीच्या रोटरला २८ खांचा असतील व तो सेकंदास २४ फेरे घेत असेल, तर सेकंदास ६७२ खांचा पुढून जातात. मूळच्या ५० आवर्तनांशीं त्यांची बेरीज-वजाबाकी होऊन ७२२ किंवा ६२२ आवर्तनांचा एक क्षीण सूर प्रवाहांत ऐकूं येतो. मैफलींत तंबोऱ्याच्या नादांतून कानसेन जसा एक सूर वेगळा ओळखतो, तसा हा सूर गणितानें निवडतां येतो. तांबें तापलें म्हणून खांचांची संख्या बदलत नाहीं, हा या साक्षीदाराचा मोठा गुण.

या विद्येचे नमुने शोधावयास शेतावरच जावें लागतें असें नाहीं. शहरांतील घरोघरीं ती येऊन राहिली आहे. कमी वीज खाणारे जे नवे छताचे पंखे आहेत, ज्यांना बाजारांत 'बीएलडीसी' म्हणतात, त्यांच्या रोटरवर कायमचे चुंबक बसविलेले असतात. जुना पंखा सुमारें ७०-८० वॉट घेतो, तेथें हा ३० च्या आसपास भागवितो. २०२३ सालाच्या आरंभापासून छताच्या पंख्यांना तारांकन सक्तीचें झाल्यावर यांचा प्रसार वाढला. या पंख्यांत कोणत्या वेटोळ्याला केव्हां वीज द्यावयाची हें चुंबक कोठें आहे यावर ठरतें. पुष्कळ पंख्यांत त्यासाठीं निराळें उपकरण नसतें. तीन वेटोळ्यांपैकीं दोघांत प्रवाह चालूं असतां तिसरें क्षणभर रिकामें असतें. त्याच्यापुढून चुंबक जातांच त्यांत दाब उत्पन्न होतो, आणि तो दाब शून्य ओलांडतो त्या क्षणावरून चुंबकाची जागा कळते. शीतकपाटाच्या इन्व्हर्टर जातीच्या कॉम्प्रेसरमध्यें तर मोटर, तेल आणि शीतक वायु हीं सर्व एकाच पोलादी कवचांत कायमचीं बंद असतात. आंत जातात त्या विजेच्या तीन तारा. तेथेंही मोटर आपली हकीकत याच तिन्ही तारांवरून सांगते.

परंतु या पंख्याकडेच नीट पाहिलें तर या विद्येची मर्यादाही दिसते. बटन दाबल्यावर असा पंखा पुष्कळदां एकदम फिरूं लागत नाहीं. पातें किंचित् हलतें, कधीं थोडें उलटही जातें, आणि मग वळणावर येतें. कित्येकांना हा बिघाड वाटतो. तो बिघाड नसतो. पंखा स्थिर असतो तेव्हां रिकाम्या वेटोळ्यांत कोणताच दाब उत्पन्न होत नाहीं. मोटर मुकी असते. म्हणून आंतील यंत्रणा आरंभीं डोळे मिटून चुंबकाला एका जागीं ओढून घेते, मग अंदाजानें दोनचार धक्के देते, आणि मोटर बोलूं लागली कीं मग तिचें ऐकते. फिरणें हेंच या मोटरीचें बोलणें होय. जितकी गति मंद, तितका आवाज क्षीण. आणि गति शून्य झाली कीं तारांवर शांतता.

पिंजऱ्याच्या मोटरीचीही अवस्था फारशी निराळी नाहीं. ४१५ व्होल्ट व ५० आवर्तनें यांवर चालणाऱ्या मोटरीला दर आवर्तनामागें सुमारें ८ व्होल्ट लागतात. पूर्ण वेगांत तांब्याच्या रोधांत जाणारा दाब एकंदरींत थोडा, त्यामुळें तो मोजण्यांत झालेली चूक कोणास जाणवत नाहीं. परंतु सेकंदास एक आवर्तन इतक्या संथ चालीवर सारा दाबच आठ व्होल्टांचा, आणि रोधांत जाणारा हिस्सा त्याच्या बरोबरीचा किंवा अधिक. आवाजाहून गोंगाट मोठा, अशी ही स्थिति. त्यांत तांबें तापलें कीं त्याचा रोध वाढतो. तपमान ७५ अंशांनीं चढलें तर ही वाढ शेंकडा २९ च्या घरांत जाते. शिवाय क्षणाक्षणाचे बदल मिळवीत जाण्याच्या रीतींत एक जन्मजात खोड आहे. रोजकीर्दींत दररोज एक पैशाची चूक होत गेली तर वर्षाअखेरीस शिल्लक भलतीच निघते. तसेंच मोजमापांतील नगण्य चूक मिळत मिळत क्षेत्राची दिशाच खोटी ठरविते. वेग चांगला असतांना ही चूक दर फेऱ्याला फिरून पुसली जाते. वेग मंदावला कीं ती साचत राहते.

ही मर्यादा केवळ पुस्तकी आहे असें ज्याला वाटेल त्यानें नाशिक जिल्ह्याच्याच वेशीवरील कसारा घाट आठवावा. थळ घाटांतील हा लोहमार्ग १८६५ पासून वाहता आहे आणि कसाऱ्याहून इगतपुरीकडे चढतांना त्याचा उतार ३७ फुटांमागें एक फूट इतका तीव्र आहे. एक हजार टनांची गाडी या चढावर नुसती जागच्या जागीं धरून ठेवावयाची म्हटली तरी सुमारें २७ टनांची ओढ लागते. म्हणून तेथें गाड्यांना जादा इंजिनें जोडावीं लागतात. १९३० च्या सुमारास इगतपुरीपर्यंत विजेचीं इंजिनें आलीं तीं एकदिश विजेचीं होतीं; आतां त्या मार्गावर २५००० व्होल्टांची प्रत्यावर्ती वीज आहे, आणि १९९० नंतरच्या दशकांत भारतानें स्वीकारलेलीं नव्या जातीचीं इंजिनें याच पिंजऱ्याच्या त्रिकला मोटरींवर चालतात. अशा मालवाहू किंवा प्रवासी इंजिनाला सहा मोटरी असतात व प्रत्येकीची शक्ति ८५० किलोवॉटच्या आसपास. इंजिनांच्या मोटरींची दुरुस्ती करणारा मध्य रेल्वेचा मोठा कारखाना नाशिकरोडलाच आहे.

आतां पाहा, सिग्नल न मिळाल्यामुळें घाटाच्या मध्यावर गाडी उभी राहिली. पुन्हां निघतांना सर्वांत अधिक ओढ लागते ती वेग शून्य असतांना, म्हणजे मोटर मुकी असतांना! मोटरीचें म्हणणें ऐकूं येईपर्यंत थांबावें तर गाडी मागें घसरेल. शिवाय पावसाळ्यांत रूळ ओले झाले कीं एखादें चाक जागींच गरगरूं लागतें; तें ओळखावयाचें म्हणजे एका आंसाचा वेग दुसऱ्या आंसाहून किंचित् अधिक आहे हें तत्काळ कळलें पाहिजे. म्हणून या इंजिनांच्या मोटरींवर गति मोजणारीं उपकरणें बसविलेलीं असतात, आणि तीं असावीं यांतच शहाणपण आहे. उंच इमारतींतील उद्वाहनाचीही तीच गोष्ट. माणसांनीं भरलेला पाळणा अधांतरीं स्थिर धरावयाचा असतो, तेथें अंदाज हा पुरावा होऊं शकत नाहीं.

शून्य वेगावरही मोटरीला बोलतें करण्याचे प्रयत्न झालेले नाहींत असें नव्हे. १९९५ च्या सुमारास अमेरिकेंतील विस्कॉन्सिन येथें यान्सेन व लॉरेन्झ यांनीं एक युक्ति पुढें आणली. मूळ विजेवर अतिशय जलद आवर्तनांचा एक बारीक दाब निराळा चढवावयाचा आणि त्याचा प्रतिसाद पाहावयाचा. रोटर सर्व बाजूंनीं सारखा नसेल, चुंबक पोटांत पुरलेले असल्यामुळें एका दिशेस लोखंड अधिक व दुसऱ्या दिशेस कमी असेल, तर तो प्रतिसाद दिशेप्रमाणें बदलतो. वैद्य जसा छातीवर बोट वाजवून आंतील स्थिति ओळखतो, तसें हें ठोकून पाहणें आहे. चुंबकाच्या कांहीं मोटरींत याचा चांगला उपयोग होतो. साध्या गोल पिंजऱ्याच्या रोटरमध्यें मात्र दिशादिशांतला हा फरक फार अल्प असल्यामुळें ठोकूनही उत्तर अस्पष्टच येतें.

या सर्व विवेचनांतून व्यवहाराला लागणारी एक गोष्ट निघते. डोळा नसलेली पेटी मोटरीला तिच्या आवाजावरून ओळखते, म्हणून त्या आवाजाची ओळख तिला नीट करून द्यावी लागते. बसविणाऱ्यानें मोटरीच्या पाटीवरील शक्ति, दाब, प्रवाह, आवर्तनें व वेग हे आंकडे पेटींत अचूक भरले पाहिजेत. चांगल्या पेट्यांत मोटरीची परीक्षा घेण्याची सोय असते. पेटी ठराविक वीज खालीं सोडून वेटोळ्याचा व केबलचा रोध स्वतः मोजून घेते. ही परीक्षा एकदां झाली म्हणजे जन्माची झाली असें समजूं नये. मोटर जळल्यावर ती दुरुस्तीवाल्याकडे पुन्हां भरून आणतात. त्या वेळीं तारेची जाडी किंवा वेढ्यांची संख्या बदलली तर बाहेरून मोटर तीच दिसते, पाटी तीच असते, परंतु आवाज निराळा झालेला असतो. पाण्याची पातळी खाली गेली म्हणून मोटर आणखी पन्नास-शंभर फूट उतरविली व केबल वाढविली, तरी तोच प्रकार. अशा प्रत्येक वेळीं ओळख पुन्हां करून दिली पाहिजे, आणि पाणी संपल्यावर मोटर आपोआप बंद करणारी मर्यादाही पुन्हां लावून घेतली पाहिजे. पाणी संपलें कीं पंपावरील भार उतरतो व मोटर घेत असलेली शक्ति एकदम घटते. जी पेटी वेग व शक्ति यांची सांगड घालूं शकते तिला हें घटणें ढगामुळें आहे कीं कोरड्या बोअरमुळें, हें ओळखतां येतें. या एका ओळखीवर मोटरीचा जीव अवलंबून असतो.

यंत्रावरील एक उपकरण कमी झालें म्हणजे यंत्र सोपें झालें, असा सर्वसाधारण समज आहे. येथें उपकरण कमी झालें तें त्याची जागा ज्ञानानें घेतली म्हणून. तांब्याचा रोध, क्षेत्राची चाल, रोटरचें मागें पडणें, खांचांचा सूर, यांपैकीं प्रत्येकाचें मोल माणसाला कळलें तेव्हां आंसावरचा डोळा मिटतां आला. आणि जेथें हें ज्ञान अपुरें पडतें, म्हणजे घाटांत थांबलेल्या गाडीच्या किंवा अधांतरीं उभ्या पाळण्याच्या ठिकाणीं, तेथें तो डोळा उघडा ठेवण्याचा विवेकही त्याच ज्ञानाचा भाग आहे. कांद्याच्या बांधावरची ती लहानशी पेटी खालीं न पाहतां पाण्याचा हिशेब ठेवते. तो हिशेब खरा राहावा यासाठीं वरच्या माणसानें एवढेंच करावें कीं, मोटरींत किंवा केबलींत झालेला प्रत्येक फेरफार तिच्या कानावर घालावा.